पुढच्या स्लाइडवरची परड

"अजगराचं पिल्लू होतं, साहेब. काई होत नाई त्यानं," असं म्हणत भास्कररावांनी झाकणाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. आत मेलेला साप. बाहेर बाकावर त्यांची बायको शोभाबाई सुजलेला पाय धरून बसली होती. शेतात निंदताना चावला, त्याला पाच तास झाले होते.

मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन. डबा उघडला. पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी. ही परड, तिकडे पुण्याकडे घोणस म्हणतात ती. अजगराशी तिचं नातं एवढंच, की दोघंही जाड आणि सुस्त. अजगर बिनविषारी. परडीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं.

त्याची टेस्ट साधी असते. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरपी करायची. गोठलं असेल तर बरं.

"काय झालं?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"पाण्यासारखं वाहतंय, मॅडम."

त्यांनी लगेच विषावरचं इंजेक्शन सुरू केलं आणि भास्कररावांवर डाफरल्या, "सकाळीच का नाही आणलं?"

"मॅडम, साहेबांनीच तं शाळेत सांगतलं होतं. जाड, ठिपक्याचा, सुस्त साप म्हंजे अजगर. चावला तं जखम धुवा, भिऊ नका."

खरं होतं. गावात दिसला अजगर की ठेचतात, म्हणून मी प्रोजेक्टर घेऊन गेलो होतो. परड पुढच्याच स्लाइडवर होती. तेवढ्यात लाईट गेली. सत्काराचा नारळ घेतला, पोहे खाल्ले आणि निघालो. वर फोटो स्टेटसला टाकला. अक्कल गहाण ठेवली होती मी.

शोभाबाईंना मोठ्या दवाखान्यात हलवलं. किडन्या बंद पडल्या. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्याला गेलो. भास्करराव भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बसायला सतरंजी टाकली आणि हळूच विचारलं, "साहेब, परडीचं काऊन नाई सांगतलं आमाले?"

लाईट गेली होती, हे तोंडापर्यंत आलं. गिळलं.

आता शाळेत मी परड आधी दाखवतो. अजगराचं राहिलं तरी चालतं.