भिवाजी आडनावाचा जावई

आदिलाबाद जिल्ह्यातल्या मुधोळकडचा महिपत कापूस विकायला गेला की काट्याजवळून हलत नसे. व्यापारी हसून म्हणायचा, "महिपतराव, चहा घ्या, तोवर माल मोजून होते." महिपत चहा घ्यायचा, पण नजर काट्यावरची काढायचा नाही. गावात कुणाची सोयरीक ठरली की लोक आधी त्याच्याकडे येत, कारण मुलाकडच्यांची माहिती काढावी ती महिपतनंच. तो त्या गावी जाई, न्हाव्याकडे दाढी करायला बसे, आणि दाढी होईस्तोवर त्या घराचं सगळं बाहेर पडलेलं असे.

हा स्वभाव त्याला जन्मानं आला नव्हता. धाकटी बहीण जयवंता हिला बापानं नुसत्या शब्दावर भैंश्याकडच्या एका घरी दिलं होतं. नवऱ्याची छाती आधीपासूनच पोखरलेली होती, हे त्या लोकांनी लपवलं. दोन वर्षांत जयवंता पांढऱ्या कपाळानं माघारी आली. तेव्हापासून बाप कमी बोलू लागला आणि महिपत जास्त विचारू लागला.

जयवंता मात्र माहेरच्या चुलीशी बसून राहिली नाही. निजामाबादला एका दवाखान्यात आया म्हणून लागली, आजाऱ्यांचं करायला शिकली, आणि तिथून मस्कतला एका म्हाताऱ्या गुजराती बाईला सांभाळायला गेली. महिपतनं तेव्हाही एजंटाच्या घरी चारदा खेटे घातले होते. वर्षं गेली. तिचे फोन येत राहिले, तब्येत बरी, पाऊस कसा, कुसुमवहिनी कशी आहे, एवढंच. मग एके दिवशी ती म्हणाली, "दादा, मी लगन केलं."

महिपतनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यानं विचारलं, "नाव काय त्याचं?"

"लक्ष्मण भिवाजी."

"हे तं बापाचं नाव झालं. आडनाव काय?"

"भिवाजीच आडनाव हाय, दादा."

इथंच महिपतच्या मनात पहिला खडा पडला. जयवंतानं सांगायचं ते सांगितलं. माणूस मॉरिशसचा, मराठीच. पणजोबा भिवाजी उसाच्या मळ्यात काम करायला जहाजातून गेला, तिथल्या साहेबानं त्याचं नाव लिहून घेतलं, आणि तेच पुढं घराण्याचं आडनाव झालं. लक्ष्मण तरुणपणी कॅनडाला गेला, तिथला नागरिक झाला, बायको वारल्यावर लिफ्टच्या कामावर मस्कतला आला. म्हातारीच्या इमारतीची लिफ्ट सारखी बंद पडायची, त्यात ओळख झाली. मस्कतच्या देवळात लग्न लागलं, कचेरीत नोंद झाली. आता तो कॅनडाला परत जाणार होता आणि तिथून अर्ज करून बायकोला बोलावून घेणार होता. मंजुरी येईपर्यंत तिनं माहेरी थांबायचं होतं.

ती आली त्या साली नवं तेलंगण राज्य झालं होतं. बसवरच्या पाट्या बदलत होत्या, आणि गावाला बोलायला दोनच विषय होते, एक राज्य आणि दुसरी जयवंता. चाळिशी उलटलेल्या विधवेशी कॅनडाचा माणूस काऊन लग्न करीन, हा प्रश्न पारावर रोज निघे. शेजारचे मारोतराव म्हणाले की अशा बायकांच्या किडन्या काढतात. दुसरा कुणी म्हणाला, तिकडं मोलकरीण परवडत नाही, म्हणून लोक लग्न करून नेतात. महिपत उघड कुणाला दुजोरा देत नव्हता, पण हे दुसरं बोलणं त्याच्या मनात रुतलं. आजाऱ्याचं करणारी, शिजवणारी, न बोलणारी बाई, आणि तीही फुकट. त्याला स्वतःला असा सौदा कुणी सांगितला असता तरी त्यानं खोट शोधली असती.

फोनवर तो लक्ष्मणला खोदून विचारू लागला. तुमचं देवक काय, कुलदैवत कोणतं. लक्ष्मणला देवक म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. "आजा सांगायचा, आमी रत्नागिरीचे. गणपती बसवतो. मला मराठी थोडा येते," एवढं तो म्हणाला. रत्नागिरीत दाढी करायला बसायचं म्हटलं तरी कुणाच्या गावात बसायचं? आयुष्यात पहिल्यांदा महिपतला चौकशीला जागाच सापडेना.

पुढल्या हिवाळ्यात तो माणूस स्वतःच आला. बुटका, सावळा, कानशिलावर पिकलेला, पायात जाड बूट. तिखटानं त्याच्या डोळ्यांतून पाणी येई, तरी ताटात काही टाकत नसे. जेवल्यावर आपलं ताट आपण उचली. कुसुमबाईला त्याचं फार कौतुक वाटलं. महिपतला वाटलं नाही. काट्यावर हात ठेवणारा व्यापारीही आधी चहाच पाजतो, असं तो बायकोला म्हणाला.

एक दिवस तो लक्ष्मणला तुरीच्या शेतात घेऊन गेला आणि सरळ विचारलं, "तुमाले तिकडं बाई भेटली नाही का? हीच काऊन?"

लक्ष्मण शब्द जुळवत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "ती मला रागावते."

हे काय उत्तर झालं, असं महिपतला वाटलं. त्याचा संशय जरा वाढलाच.

परतीच्या आदल्या दिवशी महिपत गोठ्यात होता, तेव्हा आतून जयवंताचा आवाज ऐकू आला. एवढ्या मोठ्यानं बोलताना त्यानं तिला लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. लक्ष्मणला साखरेचा आजार होता आणि मारोतरावांच्या घरी त्यानं आग्रहाला बळी पडून पुरणपोळी खाल्ली होती, वर ते तिच्यापासून लपवलंही होतं. ती त्याला सोलून काढत होती. तोही काही कमी नव्हता. अर्ध्या मराठीत, अर्ध्या कुठल्याशा भाषेत उलट बोलला, बाहेर आला आणि बाजेवर पाठ फिरवून बसला. थोड्या वेळानं जयवंता दारात आली आणि नवऱ्याकडं न पाहता भावाला म्हणाली, "दादा, त्यायले सांग, गोळी घेऊन घ्या म्हणा."

महिपतनं निरोप सांगितला. लक्ष्मणनं गोळी घेतली, पण तोंड फुगवलेलंच ठेवलं. महिपत परत गोठ्यात गेला आणि एकाच गाईपुढं त्यानं दोनदा वैरण टाकली.

लक्ष्मण गेला. अर्ज पुढं सरकेना. त्यात पुढल्या दसऱ्याला जिल्हे नव्यानं झाले. मुधोळकडची गावं आदिलाबादमधून निघून निर्मल जिल्ह्यात गेली. जयवंताच्या पासपोर्टावर राज्य आंध्र आणि जिल्हा आदिलाबाद, नव्या दाखल्यावर राज्य तेलंगण आणि जिल्हा निर्मल. बाई तीच, घर तेच, आणि कागदावर दोन राज्यांच्या दोन बाया. कॅनडाच्या दिल्लीतल्या व्हिसा कचेरीनं खुलासा मागितला. महिपतनं मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, जाऊन तसं पत्र लिहून घेतलं आणि पाठवलं.

तेवढ्यावर भागलं नाही. एका दुपारी दिल्लीच्या त्याच कचेरीतून फोन आला. एक बाई हिंदीत बोलत होती, आवाज सभ्य, पण महिपतला तो लगेच ओळखीचा वाटला. सोयरिकीच्या गावात तो स्वतः असाच विचारायचा. लग्नात घरचं कुणी का नव्हतं? फोटो इतके थोडे का? जयवंता समोरच उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून.

"आपको इस शादी पर भरोसा था?" बाईनं विचारलं.

महिपतनं बहिणीकडं पाहिलं. खोटं बोलावं असं त्याला क्षणभर वाटलं. पण विचारणाऱ्याला खोटं कसं कळतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"नहीं था," तो म्हणाला. जयवंता खाली बसली.

"और अब?"

मग त्यानं आपल्या मोडक्या हिंदीत पुरणपोळीची गोष्ट सांगितली. भांडण, बाज, गोळी, फुगलेलं तोंड. "मॅडम, नाटक करनेवाले होते तो मेरे सामने मीठा बोलते," तो म्हणाला. "ये लोग मुझे भूल के झगडे." मग बाई धन्यवाद म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या बोलण्याचा उपयोग झाला की नाही, हे कुणी कधी सांगितलं नाही. जयवंताला एकदा दिल्लीला बोलावलं, पुन्हा तेच सगळं विचारलं, आणि उन्हाळ्यात व्हिसा आला. हैदराबादच्या विमानतळावर महिपतनं तिला सांगून ठेवलं की पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही, नवऱ्याच्याही नाही. ती हसली आणि हो म्हणाली.

दोन वर्षांनी ती भेटीला आली. अंगानं भरली होती, केस कापले होते, तिकडं एका वृद्धाश्रमात पगारावर लागली होती. महिपतनं कुसुमबाईला बाहेर पाठवून विचारलंच, "खरं सांग. काही तरास?"

"त्यायचा नाही," जयवंता म्हणाली. पहिला हिवाळा फार वाईट गेला होता. नवरा कामावर, बाहेर बर्फ, शेजारी कोण राहतं ते माहीत नाही. खिडकीशी बसून ती दिवस दिवस रडायची आणि फोनवर मात्र बरं आहे म्हणायची. "तू माणसाची चौकशी केली, दादा. गावाची नाही केली."

एवढं साधं आपण विचारलं कसं नाही, याचं महिपतला नवल वाटत होतं. मग त्यानं विचारलं, तिकडं आपल्या भाषेची घरं किती आहेत, कुणाकडं जाणं-येणं आहे, आजारी पडलीस तर दार कोण वाजवते. जयवंता एकेकाचं नाव सांगू लागली, आणि तो पहिल्यासारखाच, एकेका नावावर थांबून, तो माणूस कसा आहे ते विचारू लागला.