जनरल भुजंगाचा फोन

टेंभुर्णीत भुजंगाला सगळे जनरल म्हणायचे. लष्करात त्यानं बंदुकीपेक्षा झारा जास्त धरलेला. लंगरात पोळ्या भाजता भाजताच नोकरी संपली. पण सत्त्याण्णव साली मिशांना पीळ देत परतला आणि पहिल्याच आठवड्यात पारावर बसून त्यानं देशाच्या लष्करप्रमुखाला खिशात घातलं.

"समद्या फौजेचा धनी! पर माझ्या हातचा ठेचा खाल्ला अन् म्हणला, भुजंग, कवाबी काही लागलं तर सांग."

घडलं होतं एवढंच की प्रमुख पाहणीला आले, भुजंगानं त्यांच्या हातावर पाणी घातलं, ते "शाबाश" म्हणून पुढं गेले. वळूनही पाहिलं नाही. पण ती शाबाशकी गावात अशी फुगली की पोळ्याला मानाच्या बैलामागं भुजंग चालायला लागला.

शेजारच्या गोजरबाईचा एकुलता एक वसंता याच थापेवर भरती झाला. विधवा बाई नको म्हणत होती. भुजंगानं छाती ठोकली, "वैनी, वरचा माणूस आपला हाय. पोरगं नगरला पंख्याखाली बसंल, बिलकुल काळजी करू नका."

नव्याण्णव साली सीमेवर लढाई पेटली. वसंताची पलटण डोंगरात गेली आणि गोजरबाई भुजंगाच्या दारात आली.

"भाऊजी, तुमच्या सायबाला फोन लावा. म्हणा, एकच लेकरू हाय, खाली उतरवा."

पाटलानं शब्द टाकला की कोंडवाड्यातलं ढोर सुटतं; फौजही तशीच चालत असणार, असा गावाचा हिशेब. भुजंगाला मात्र ठाऊक होतं. तो माणूस नकाशावर बोट ठेवतो तेव्हा हजारो हलतात. त्यातला एक वसंता त्या बोटाला दिसतसुद्धा नाही.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण दारात अर्धी गल्ली जमलेली. भुजंगानं कोट चढवला.

रखमाजीच्या एसटीडी बूथमध्ये काचेआड त्यानं टाच आपटली. "जयहिंद सर! हां सर, वसंता..." बाहेर बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. रखमाजीची नजर मीटरवर. फोन लागला की धावणारे लाल आकडे शून्यावरून ढिम्म हलले नाहीत. एरवी त्यानं गावभर हशा पिकवला असता. गोजरबाईचं तोंड पाहून तो गप्प राहिला.

बाईनं शिरा वाटला. रेडिओवर लढाईच्या बातम्या लागल्या की म्हणायची, "आमचं तर उतरलं असंल खाली."

पुढच्या महिन्यात तहसीलची जीप गोजरबाईच्या दारी थांबली. वसंता वरच राहिला होता.

भुजंग आतून कडी लावून बसला. शिव्या येतील, दगड येतील. दार वाजलं ते हळूच. त्यानं कडी काढली.

"भाऊजी, निरोप पोचेस्तोवर उशीर झाला असंल. सायबाला बोल लावू नका." गोजरबाई उंबऱ्याशी बसली होती. "पर अजून एक फोन करा. म्हणा, आता तरी लेकराला जल्दी घरी धाडा. तोंड बघायचंय मला."

"वैनी, मी..."

"चला. मी येते संगं."

बूथमध्ये भुजंगानं फोन कानाला लावला. टाच आपटली नाही. या खेपेला गोजरबाई बाहेर थांबली नव्हती. काचेच्या आत, मीटरसमोरच उभी होती.

रखमाजीनं खांद्यावरचा गमछा काढला आणि मीटरवर टाकला.

"बोला जनरल," तो म्हणाला, "लाइन लागली."