मुकर्रर

परवा क्रांती चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात तापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा जळकट वास आला आणि आमचा रॉक बँड आठवला. आम्ही विलायती गाणी वाजवायचो. ज्याला सुट्टी मिळेल तो त्या दिवशी बँडमध्ये. कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा गायकच चितेगावच्या कंपनीत डबल ड्युटीला अडकला, म्हणून शहागंजातल्या कव्वाली गाणाऱ्या अत्तरवाल्या चाचांना आणलं. इंग्रजी कळतं का विचारलं, तर म्हणाले, “लफ्ज याद हैं मियाँ, मतलब तुम देख लो.” पहिलीच ओळ त्यांनी अशी आळवली, की पुढच्या रांगेतले, मुशायऱ्यांत मुरलेले उर्दूचे सर सवयीनं “मुकर्रर” म्हणाले, म्हणजे पुन्हा म्हणा. चाचांनी आदाब केला आणि तीच ओळ परत घेतली. आम्ही तोवर दोन ओळी पुढं गेलेलो. माझी गिटार थांबली. आता पोरं हुर्यो करणार. तेवढ्यात ड्रमवाला मागून ओरडला, “मागं फिरा रे, चाचा एकटे पडलेत.” सगळे मागं फिरलो. मग हॉलभर मुकर्ररच सुरू झालं. ते गाणं मी अजून ऐकतो. मूळ गायक ती ओळ एकदाच म्हणून पुढं निघून जातो, आणि मी चाचांसाठी मागंच थांबलेला असतो.