‘सादर करा’वर बसलेले वर्तुळ

सोमवारी आमच्या फाटकासमोरच्या शिरीषावर तोडणीची नोटीस ठोकली गेली. जबाबदार, पालिकेचे उद्यान अधीक्षक. बुधवारी पालिकेच्या संकेतस्थळावर चॅटची खिडकी बसवली गेली. जबाबदार, तिला मंजुरी देणारे अधिकारी. आज रविवार, हरकतीच्या मुदतीचा शेवटचा दिवस. आणि हतबल, मी.

त्याच संकेतस्थळावर माझी हरकत लिहून तयार आहे. मात्र त्या नव्या खिडकीचे निळे, हसरे वर्तुळ नेमके ‘सादर करा’ या बटणावर येऊन बसले आहे. बटण दाबावे, तर वर्तुळच उघडते आणि विचारते, “नमस्कार, मी आपली काय मदत करू?”

“कृपया बाजूला व्हावे,” असे मी लिहिले. तीन ठिपके बराच वेळ हलत राहिले. “क्षमस्व, आपला प्रश्न समजला नाही.”

“अहो, कागद नेऊन द्या की हातोहात,” पत्नी म्हणाली.

“आज रविवार, आणि एरवीही कागद आता घेत नाहीत. पोच देणारा कारकूनही उरलेला नाही.”

“मग त्या गोलाकडेच मागा पोच,” असे म्हणून ती गॅलरीत गेली. बाहेर शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्यात वाजत होत्या.

ऐकून घेणे हा न्यायाचा आरंभ, असे मी जन्मभर मानत आलो. आता बोलण्याची सोय अहोरात्र आहे. पण म्हणणे नोंदवण्याची जागा त्याच सोयीखाली बुजली आहे.

हरकत नोंदवताच येत नसेल, तर झाड कसे तोडता, याचे उत्तर अधीक्षकांनी द्यावे. ते मला खासगीत नको. नोटीस जिथे ठोकली त्याच खोडावर, सर्वांना वाचता येईल असे लावावे. आणि खोड उभे आहे तोवर लावावे.