तीन सूर्य

चौथीच्या बाईंना पोरं पाठीमागे ‘गरगरबाई’ म्हणत. पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते हे दाखवताना त्या वर्गात अशी काही गिरकी घेत, की शेवटी टेबल धरून उभं राहावं लागे. शाळा, घर आणि बाजार यांपलीकडे त्या फारशा कुठे गेलेल्या नव्हत्या. पण शनीच्या कड्यांबद्दल बोलायला लागल्या की माहेरच्या माणसांचं कौतुक चाललंय असं वाटे.

त्या वर्षी शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला येणार होते. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. “काहीतरी हलतंफिरतं दाखवा बाई. पालकही येतील. फळाबिळा नको.”

बाई हरखल्या. मैदानावर त्यांनी चुन्यानं गोल गोल कक्षा आखल्या आणि पोरांचे ग्रह केले. मधोमध सूर्य म्हणून एक उंच, शांत मुलगी उभी केली. अख्ख्या वर्गात एका जागी उभं राहू शकणारी तेवढीच होती. चंद्र झालेल्या मुलीला बजावलं, “पृथ्वी जाईल तिथं जायचं, तिच्याभोवती फिरत राहायचं.” तिनं ते इतकं मनावर घेतलं, की पृथ्वी पाणी प्यायला गेली तेव्हा हीसुद्धा घिरट्या घालत नळापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी पालक दारात हजर.

“बुध सगळ्यात लहान ना?” किराणा दुकानदार म्हणाला. “आमच्या पोराची उंची कमी, म्हणून चारचौघांत दाखवायचं होय? त्याला सूर्य करा.”

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं वेगळं. “आमची नेपच्यून? तिकडे कुंपणापाशी तिला बघणार कोण?”

शाळेची भिंत बांधून देणारा कंत्राटदार मात्र सरळ मुद्द्यावर आला. “सूर्य आमचाच पाहिजे.”

“अहो, सूर्याला काही काम नसतं,” बाई काकुळतीला आल्या. “नुसतं उभं राहायचं असतं.”

“मग तर त्याला नक्की जमेल,” बाप मनापासून म्हणाला.

मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. “तिघांनाही सूर्य करा.”

“सर, सूर्य एकच असतो.”

“वर असेल एक. खाली तीन पालक आहेत.”

उंच मुलीला कुंपणापाशी नेपच्यून करून पाठवलं. साहेब आले, तेव्हा मैदानाच्या मध्यभागी पिवळा पुठ्ठा गळ्यात अडकवलेले तीन सूर्य एकमेकांना कोपरानं ढोसत उभे होते. शिट्टी वाजली. गुरू कंत्राटदाराच्या मुलाभोवती निघाला, मंगळानं डॉक्टरांच्या लेकीला धरलं, आणि शुक्र दोघांच्या मधे सापडून रडायला लागला. पृथ्वी वाटेतच थांबली.

“बाई, कुणाभोवती फिरू?”

बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी साहेबांकडे.

“तुला आवडेल त्याच्याभोवती,” असं आपणच म्हणाल्याचं बाईंना ऐकू आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकटा चंद्र तेवढा निर्धास्त होता.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. “वा! मुलांना निवडीचं स्वातंत्र्य! हे इतर शाळांत पोचलं पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात म्हणाल्या, “मुलांनो, काल मी चुकीचं सांगितलं. सूर्य एकच आहे.”

“माहितीये बाई,” उंच मुलगी समजूत घालत म्हणाली. “ते साहेबांसाठी होतं.”

महिन्याभरात हुकूम आला: बाईंनी गावोगावी जाऊन शिक्षकांना ‘तीन सूर्य पद्धत’ शिकवायची. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारून घेतला आणि कवायतीच्या सरांना पाठवलं. सरांना सूर्यमालेची काहीच माहिती नसल्यामुळे कुठेही अडचण आली नाही. पुढे त्यांचा मोठा सत्कार झाला, मानाची भलीमोठी ढाल मिळाली. बाई आवर्जून गेल्या, दुसऱ्या रांगेत बसल्या, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

परतताना नवऱ्यानं विचारलं, “वाईट वाटतंय का गं?”

“वाटतंय थोडं,” बाई म्हणाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, “पण ती ढाल बघितलीत ना केवढी होती? आपल्याकडे ठेवली कुठे असती?”