केबलवरचा हात

साल २०२३. मी चौसष्ट वर्षांचा. कागदावर केव्हाच निवृत्त झालो होतो, पण कंत्राटावर मला ठेवलं होतं ते माझ्या हातासाठी. शाळा तिसरीपर्यंत. तेव्हा बोलतो तसंच लिहितो.

आमच्या मद्रासच्या बंदरात कंटेनर उचलणाऱ्या क्रेनवर आता माणूस नसतो; खोलीत बसून पडद्यावर बघून चालवतात. पण रुळांवर धावणाऱ्या क्रेनला वीज लागतेच. ती येते मनगटाएवढ्या जाड केबलमधून. क्रेन पुढे गेली की केबल खालच्या चरात पसरते, परतली की क्रेनवरच्या रिळावर गुंडाळली जाते. दिवसभर हेच. मग पीळ पडतो, आतल्या तारा फुगतात. वीज बंद करून मी केबलवरून तळवा फिरवत चालायचो. मी ‘चांगली आहे’ म्हटलं की क्रेन सुरू. तीस वर्षं माझा शब्द खोटा पडला नव्हता.

त्या दिवशी सकाळी तीन क्रेनना मी होकार दिला, दुपारी चौथीलाही दिला. इंजिनियर मुलगी मागून येत होती, माझ्या नातीच्या वयाची. ती थांबली.

“तात्ता, इथे हात लावा.” तात्ता म्हणजे आजोबा; सगळी पोरं मला तसंच म्हणतात.

लावला. “काही नाही.”

“परत लावा.”

“अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून लावतोय.”

तिनं माझं बोट धरून केबलवर दाबलं. तेव्हा डोळ्यांना दिसलं, जांभळाएवढा फुगवटा. बोटाला काही नाही.

साखरेच्या आजारानं बोटं बधिर झाली होती. चहाचा ग्लास किती तापलाय तेही कळेना. घरी विचारलं की म्हणायचो, थंडीनं होतं. बायको म्हणायची, “मद्रासात थंडी? कुणाला सांगता?”

मुलगी हळूच म्हणाली, “उन्हानं थकला असाल.”

“हो, ऊन फार आहे,” मी म्हटलं. सोपं पडलं.

घरी जायला एन्नोरच्या बसमध्ये बसलो तेव्हा पाय दुखत होते. चौथी क्रेन तिनं थांबवली होती, पण सकाळी होकार दिलेल्या तिन्ही तिकडे बंदरात धावत होत्या, आणि तिथल्या चरांत, वीज वाहणाऱ्या केबलजवळ, आमचेच फिटर उतरतात. उतरून त्या मुलीला फोन करावा असं दोनदा वाटलं. केला नाही. आपल्या तोंडानं आपला हात गेला म्हणायचं, ते जमेना. घरी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी तिला गाठलं.

“माझ्या बोटांना कळत नाही,” मी म्हटलं. “कालच्या तिन्ही बंद कर. कुणाला चरात उतरू देऊ नकोस. तू स्वतः बघ.”