कालिपाची सात पिल्लं

"कुत्र्याला घाल नाहीतर खड्डा करून पूर. मेलं ते मेलं, कालिपा!"

"मेलं नाही एजे. गारठलंय."

"गारठणं आणि मरणं, फरक तो काय?"

"ऊब दिल्याशिवाय कसं कळणार? ऊब देऊनही हललं नाही, तर मग म्हणा मेलं."

"शहाणी! आता ह्या वयात मला शिकवणार!"

कालिपानं ओचा छातीशी घेतला. त्यात सशाची सात पिल्लं होती. बोटाएवढी, बिनकेसाची, डोळे मिटलेली आणि जांभळी पडलेली. हातात घेतलं तर ओल्या खड्यासारखी गार.

झूरा एजे ही कालिपाच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तरी कालिपानं कधी तिचं नाव तोंडानं घेतलेलं नाही. आमच्याकडे सुना सासरच्या थोरांची नावं घेतच नाहीत. नुसतं 'एजे', म्हणजे ताई. कालिपाच्या सुनेला मुलगा झाला आणि एजे गाठोडं घेऊन आली ती चाळीस दिवस राहायलाच. तेवढे दिवस बाळ परक्याच्या नजरेस पडू द्यायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना मान्य. पण एजेनं तो नियम अंगणातल्या पिंजऱ्यालाही लावला.

"बाळंतीण ती बाळंतीण," ती म्हणाली होती, "दोन पायांची काय नि चार पायांची काय!" आणि गाभण सशिणीच्या पिंजऱ्यावर तिनं नमद्याचा, दाबलेल्या जाड लोकरीचा, तुकडा ठोकून टाकला. आत कुणी डोकावायचं नाही.

कालिपानं सशिणीचे दिवस मोजले होते. एकतिसावा, म्हणजे व्यायचा, भरत आला तेव्हा तिचे हात शिवशिवत होते. पण थोरल्या नणंदेनं ठोकलेला नमदा उचलायचा कसा? नाही उचलला. सशीण पहिलटकरीण. तिला पिंजऱ्यात ठेवलेल्या खोक्यातलं घरटं कळलंच नाही. बाहेर जाळीवरच व्याली, आणि रात्री गावाशेजारच्या सरोवरावरून वारा सुटला. सकाळी पाण्याचं भांडं ठेवायला कालिपानं नमद्याखालून हात घातला, तो पिल्लांवरच पडला.

त्या घरात घोड्या नि मेंढ्या नवऱ्याच्या, बटाट्याचं शेत मुलाचं. ससे तेवढे कालिपाचे. गेल्या शरदात रोग आला आणि विसातले एकोणीस गेले. उरली ती ही करडी सशीण. इस्मान, तिचा नवरा, म्हणालाच होता, "हिचं वेत जगलं तर ठीक. नाहीतर पिंजरे मोडतो, शिंगरांना जागा होईल." तो मोडणारच. बोलला की करतो.

"निदान दूध तरी पाज," एजे चमचा घेऊन पुढे झाली. "गरम केलंय."

"चमचा खाली ठेवा!"

एजे दचकली. कालिपा अशी कधी बोलत नसे.

"रागावू नका एजे. तरुणपणी सात हिवाळे मी मेंढवाड्यावर काढलेत. गारठलेल्या कोकराला दूध पाजलं की पोटात दगड होतो, नाहीतर छातीत उतरतं. आधी ऊब, मग पोट."

आतून सून नूरजात सासूला ओरडून म्हणाली, "आपा, माझं केस वाळवायचं मशीन देऊ का?"

"नको गं! भाजून खायची नाहीयेत मला!"

कालिपानं वाडग्यात पाणी घेतलं, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं कोपर बुडवून बघितलं. एकेक पिल्लू गळ्यापर्यंत बुडवून धरलं, नाक वर. मग मऊ फडक्यानं कोरडं केलं आणि झग्याच्या गळ्यातून छातीशी सोडलं. चार सोडली आणि थांबली. कालिपा म्हणजे काटकुळी, अंगात ऊब ती किती? तिनं एजेकडे पाहिलं. एजे भरलेल्या तंदूरसारखी.

"एजे, इकडे या."

"का?"

"या तर."

आणि उरलेली तीन तिनं एजेच्या गळ्यातून आत सोडली.

"अगं बाई! कालिपा! ससे! माझ्या अंगात ससे! काढ!"

"बसा गप. हाताने आवळून धरा. चुलीजवळ बसा."

"गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"बाळंतिणीचं घर आहे, परकं कुणी येत नाही. तुम्हीच तर सांगितलंत."

आत नूरजात खुदकन हसली.  दोघी चुलीशी बसल्या, हात छातीशी, जणू एकीला दुसरीपासून काही लपवायचंय. चहा थंड झाला. अर्धा तास झाला असेल.

"हं!" एजे म्हणाली.

"काय?"

"काही नाही." मग, "कालिपा, हललं!"

"भास असेल."

"भास? पाय मारतंय मेलं! अगं, दोन! दुसरंही!" एजेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला ती कालिपावरच खेकसली, "हसतेस काय? तुझ्याकडची बघ की!"

एजेकडची तिन्ही जागी झाली, कालिपाकडची चारांतली तीन. चौथ्याला तिनं आणखी तासभर छातीशी धरलं, चोळलं, तोंडावर फुंकर मारली. ते ऊबदार झालं, पण हललं नाही. तिनं त्याला कापडात गुंडाळून बाजूला ठेवलं.

सहा उरली. गुलाबी झाली होती, आंधळेपणाने एकमेकांवर चढत होती. कालिपानं खोकं आणि सशीण घरात आणली, तिच्या पोटाचे सुटे केस ओढून खोक्यात पसरले, पिल्लं त्यात ठेवली आणि सशिणीला त्यांच्यावर धरलं. सुरुवातीला ती झटके देत होती. मग शांत झाली. खालून चुपचुप आवाज येऊ लागला, तेव्हा कालिपानं सकाळपासून धरलेला श्वास सोडला. थोड्या वेळानं सहाही पोटं टरटरीत, आतलं दूध कातडीतून पांढरं दिसत होतं.

इस्माननं दारातून डोकावलं, खोक्यात पाहिलं आणि म्हणाला, "शिंगरांचं दुसरीकडे बघतो."

तो गेल्यावर कालिपा तिथेच जमिनीवर बसली. तिला उगाच हसू येत होतं.

"एजे," ती म्हणाली, "उद्यापासून मी रोज खोकं उघडून बघणार. गार पडलेलं, बाहेर लोळलेलं, सगळं बघणार. ऐकताय ना?"

झूरा एजेनं झग्याचा गळा नीट केला, डोक्यावरचा रुमाल बांधला, रबरी बूट पायांत घातले आणि पिंजऱ्यावरचा नमदा उपटायला अंगणात निघून गेली.